बारी कुणाची हाय?

वाहतं पाणी दिसलं की पाटकरी थांबायचे. मग ते पाणी कशाचंही असो. कुणाच्या टाकीतून सांडणारं, हॉटेलवाल्यानं रस्त्यावर ओतलेलं, नाहीतर पाइप फुटून गटारात चाललेलं. चालता चालता पाय थांबायचे, मान खाली जायची, पाणी कुठून येतंय आणि कुठं चाललंय ते एकदा बघून व्हायचं आणि मग खणखणीत आवाजात प्रश्न यायचा, "बारी कुणाची हाय?" माझ्या थोरल्या मुलीच्या लग्नात कार्यालयाच्या मागं टँकरचा नळ कुणीतरी उघडा टाकला होता. इकडं मंगलाष्टकं रंगात आलेली, आणि पाटकरी मांडवात शिरून गुरुजींच्याही वरच्या पट्टीत विचारतायत, "आवं, बारी कुणाची हाय?" नवरदेवाला वाटलं आपल्यालाच विचारलं. तो घाबरून म्हणाला, "माझी." आमचा जावई आजही त्या गोष्टीवरून चिडवून घेतो.

त्यांना नाव होतं, पण ते पेन्शनच्या कागदावर. पेठेत सगळे त्यांना पाटकरी म्हणायचे, तोंडावर आण्णा. उभी नोकरी त्यांनी कडेगावच्या बाजूला कालव्यावर काढली. उसाच्या पट्ट्यात पाटकरी म्हणजे काय असामी असते ते ऊस लावलेल्या माणसालाच विचारावं. कालव्याचं पाणी कुणाच्या रानात कवा आणि किती वेळ सोडायचं ते त्याच्या हातात. पाण्याच्या त्या पाळीला आमच्याकडं बारी म्हणतात. बारी चुकली की ऊस वाळतो, आणि दुसऱ्याच्या बारीत कुणी पाणी तोडून घेतलं की डोकी फुटतात. पाटकऱ्यांच्या कपाळावर डावीकडं एक खोक होती, ती अशाच भांडणातली. तिच्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. टोपी मात्र कायम उजवीकडं कलती घालायचे, म्हणजे ती नीट दिसावी.

त्यांच्याकडून मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलं ते बारी बदलण्याबद्दल. एखाद्याच्या घरी लग्न निघालं किंवा मजूर मिळाले नाहीत, तर तो शेजाऱ्याला म्हणायचा, आज माझं पाणी तू घे, पुढच्या फेराला तुझं मी घेतो. दोघांनी चारीच्या, म्हणजे रानाकडं जाणाऱ्या छोट्या पाटाच्या, पाण्यात हात घालायचा. झालं. कागद नाही, साक्षीदार नाही. "उभ्या नोकरीत एक गडी फिरला न्हाई बघा शेट," ते सांगायचे. "भावाभावांची कोर्टं चालली, बांधावर कुऱ्हाडी निघाल्या, पर पाण्यात हात घालून दिलेली बारी कुनी बुडवली न्हाई." माझं पेठेत भांड्यांचं दुकान. मी व्यापारी माणूस, माझा असल्या गोष्टींवर विश्वास बसायचा नाही. "आण्णा, असं कुठं असतंय होय?" असं मी म्हटलं की ते माझ्याकडं कीव केल्यासारखं बघायचे. ती नजर मला तेव्हा आवडायची, हे आता कबूल करायला जड जातं.

आमचं गाव कृष्णेच्या काठी, साताऱ्याहून सांगलीकडं येताना लागतं. नाव सांगत नाही. सांगितलं तर अजून दोनचार जण माझ्याशी बोलायचे बंद होतील. पेठ आणि नदीच्या मधोमध नगरपालिकेची बाग होती. माझ्या लहानपणी पेठेकडच्या दारानं आत शिरायचं, नदीकडच्या दारानं बाहेर पडायचं, की दगडी पायऱ्या आणि खाली पाणी. दुकानातून निघालेला माणूस पान चघळून संपायच्या आत नदीवर पोचायचा. मग मोठा पूर आला. बागेत कमरेएवढा गाळ बसला. पडक्या घरांचा राडारोडा टाकायला नगरपालिकेला तीच जागा सोयीची वाटली, आणि नदीकडचं दार विटा लावून बंद केलं. तात्पुरतं. त्या तात्पुरत्या भिंतीत पुढं पिंपळ उगवून हाताएवढा जाड झाला. आत डुकरं आणि दारूच्या बाटल्या. पेठेतली पोरं नदी बघायची म्हणून गाड्या काढून बायपासच्या पुलावर जाऊ लागली. माझ्या आईला कार्तिकात नदीत दिवा सोडायचा असायचा. पुलापर्यंत रिक्षा आणि तिथून काट्याकुट्यातली उतरण तिला झेपेना. दर वर्षी ती गॅलरीतून त्या भिंतीकडं बघून म्हणायची, "नदी काय सासरी गेली का काय रं आपली?"

पाटकरी निवृत्त झाल्यावर माझ्या दुकानामागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायला आले. बायको वारलेली, एकुलती एक लेक सुमन खंडाळ्याला दिलेली. सामान लावायच्या आधी त्यांनी मला विचारलं, "नदी कुठं हाय?"

"ही काय, मागंच."

"आनि वाट?"

"वाट नाही."

त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. मी त्यांना गच्चीवर नेऊन सगळं दाखवलं. ते म्हणाले, "आमी जन्मभर कालवं खांदून नदी पाच कोसावर नेली, आनि तुमी पाच पावलांवरची घालवली व्हय?" मला लाज वाटली. गावात इतके पुढारी, इतके शिकलेले लोक, पण आम्हाला कुणाला तोवर कधी लाज वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते कुदळ आणि पाटी घेऊन बागेत शिरले. एकटेच. पहिला महिना पेठेनं नुसती गंमत बघितली. कुणी म्हणालं पुरलेलं धन शोधतायत, कुणी म्हणालं निवडणुकीला उभे राहणार. त्यांनी कुणाला मदत मागितली नाही. गाळात बुडालेली बागेतली विहीर मोकळी केली, पाणी लागल्यावर तिच्यापासून नदीकडच्या टोकापर्यंत एक चारी काढली, आणि चारीच्या दोन्ही अंगाला करंज, जांभूळ, उंबर, बहावा लावला. चारीचा उतार त्यांनी नुसत्या नजरेनं काढला होता. एकाही जागी पाणी अडत नव्हतं, एकाही जागी धावत नव्हतं. "पान्याला नदीकडं जायला शिकवायला लागत न्हाई," ते म्हणाले, "मानसालाच शिकवायला लागतंय."

मग एक दिवस ते दुकानात आले. "शेट, गुरुवारी तुमचं दुकान बंद असतंय न्हवं? तुमची बारी गुरुवार."

"अहो, पण मी हो कुठं म्हणालो?"

"बारी इचारून देत न्हाईत," असं म्हणून ते गेले. पेठेत असंच घर घर करत त्यांनी आठवडा वाटून दिला. आपल्या दिवशी विहिरीचं पाणी उपसून चारीत सोडायचं आणि झाडं भिजवायची. मंगळवारची बारी नदीवर धुणं धुणाऱ्या हौसाबाईची, कारण तिला घाट पाठ होता. शनिवार सराफांचा. आणि गंमत अशी की ज्यांनी महिनाभर चेष्टा केली तेच वेळेवर यायला लागले. आमच्या लोकांना विनंती करून काही होत नाही. बारी लावून दिली की मात्र बारी चुकवणं लाजेचं वाटतं, ते रक्तातच असावं.

कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप काढायचं म्हणालं. पाटकऱ्यांना ते पटलं नाही. त्यांनी मला पितळेचे गोल बिल्ले कापून त्यावर नावं घालायला लावली. दुकानात भांड्यांवर नावं घालायचं मशीन होतंच. विहिरीच्या काठावर एक फळी ठोकून तिच्यावर खिळ्यांना ते बिल्ले टांगले. नियम एकच. तुमची बारी चुकली आणि दुसऱ्यानं केली, तर तुमचा बिल्ला तो घरी घेऊन जाणार. तो तुम्ही मागायचा नाही. त्याची एक बारी तुम्ही करायची, म्हणजे तो आपल्या हातानं बिल्ला परत देणार. माझ्या बिल्ल्यावर "भांडीवाले, गुरुवार" एवढंच होतं. अक्षरं मीच घातलेली, जरा वाकडीच आली होती.

माया होती तशी जरबही होती. सराफांनी एका उन्हाळ्यात दोन बाऱ्या चुकवल्या आणि त्यांच्या वाट्याचा बहावा वाळला. पाटकऱ्यांनी ते वाळकं रोप मुळासकट उपटलं, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलं आणि भर दुपारी सराफांच्या पेढीवर जाऊन गादीपुढं ठेवलं. मग टोपी काढून, कुणाच्या मयताला बसावं तसे खाली मान घालून बसून राहिले. दुकानात मंगळसूत्र घ्यायला आलेली गिऱ्हाइकं उठून गेली. सराफ हात जोडून म्हणाले, "आण्णा, उठा हो, पुढच्या बारीला मी स्वतः येतो." पुढं तीन वर्षं सराफ कधी चुकले नाहीत, सोनं विकणारा माणूस चिखलात फावडं घेऊन उभा राहायचा.

नदीकडचं दार उघडलं तो दिवस मला अजून डोळ्यांपुढं दिसतो. विटा एकेक करून काढल्या, पिंपळाचं मूळ तोडायला दोन दिवस लागले. पलीकडं गाळाखाली पायऱ्या शाबूत होत्या. हौसाबाईनं त्या खराट्यानं झाडल्या, धुतल्या, आणि शेवटची पायरी पाण्याला लागली तेव्हा पाटकऱ्यांनी टोपी काढून ओंजळभर पाणी डोक्याला लावलं. त्या उतरणीवर, दाराच्या बाहेर, त्यांनी आणखी काही झाडं लावली. पायऱ्यांना सावली पाहिजे म्हणाले. त्या कार्तिकात माझी आई चालत नदीवर गेली. माझ्या हाताचा आधार तिनं फक्त शेवटच्या तीन पायऱ्यांना घेतला. दिवा पाण्यात सोडला आणि मागं वळून पाटकऱ्यांना म्हणाली, "आण्णा, माहेर दावलंत बघा." त्यानंतर दोन हिवाळे ती रोज जायची. दुकानात गिऱ्हाईक असलं की मी खेकसायचो, आई, थांब जरा. ती थांबायची नाही, पाटकऱ्यांना हाक मारून त्यांच्याबरोबर निघून जायची.

इथपर्यंतचं सांगताना बरं वाटतं. इथं थांबता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

बाग चांगली झाली आणि त्यामुळंच ती नगरपालिकेच्या डोळ्यात भरली. इतकी वर्षं जी जागा कुणाला आठवत नव्हती, ती आता मोक्याची ठरली. पेठेत गाड्या लावायला जागा नाही, तेव्हा बागेच्या जागी वाहनतळ करायचा ठराव आला. कोपऱ्यात शोभेला थोडं लॉन, चार बाकडी. नदीकडचं दार नकाशात नव्हतंच. लोकांच्या हरकती मागवल्या होत्या, एका ठरलेल्या तारखेच्या आत. मी, सराफ, हौसाबाई, आम्ही घरोघर फिरून सह्या घेतल्या. ज्यांनी कधी सरकारी कागदाला हात लावला नव्हता अशा म्हाताऱ्यांनी अंगठे दिले. आईनंही सही केली, तिला लिहिता येत होतं ते अभिमानानं दाखवून. तो अर्ज नगरपालिकेत नेऊन द्यायचं काम कुणाला द्यायचं, यावर चर्चासुद्धा झाली नाही. पाटकऱ्यांना. त्यांनी तो घडी करून पिशवीत ठेवला.

सुनावणीच्या दिवशी आम्ही सगळे नगरपालिकेच्या सभागृहात जाऊन बसलो. दुकानं बंद ठेवून. साहेबांनी फाइल उघडली, पानं चाळली आणि म्हणाले, "या प्रस्तावावर मुदतीत एकही हरकत आलेली नाही." आम्हाला वाटलं साहेबांची फाइल चुकली. मी उभा राहून म्हणालो, "साहेब, आमचा अर्ज आहे, सह्यांचा." ते म्हणाले, "पोच दाखवा." मी पाटकऱ्यांकडं वळलो. ते खिडकीपाशी बसले होते. त्यांनी माझ्याकडं सरळ बघितलं, नजर चुकवली नाही, आणि म्हणाले, "म्या दिला न्हाई."

सभागृहात कुजबुज झाली. मला खरोखर वाटलं की माझ्या ऐकण्यात काहीतरी गडबड आहे.

बाहेर आल्यावर त्यांनी सांगितलं ते असं. हरकतींची मुदत संपायच्या आदल्या आठवड्यात नगराध्यक्ष सकाळी बागेत आले होते, एकटे. तेही कालव्यावरच्या गावचे, उसाच्या घरातले. त्यांच्या वडिलांची बारी पाटकऱ्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलेली. ते म्हणाले, आण्णा, वाहनतळाला अडवू नका, माझा शब्द वर गेलाय. एकदा ते होऊ द्या, पुढच्या वर्षी नदीकडची सगळी वाट मी पक्की करून देतो, पायऱ्या, घाट, झाडं, गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि मग त्यांनी खाली बसून चारीच्या पाण्यात हात घातला. पाटकऱ्यांनीही घातला.

"बारी बदलली शेट," पाटकरी म्हणाले. चेहऱ्यावर जरासुद्धा अपराध नव्हता, उलट मोठं काम करून आल्याचं समाधान होतं. "आधी त्येंची, मग आपली. बाग गेली तर जाऊ द्या. सगळी नदी मिळंल."

"लिहून घेतलंत?"

"पाण्यात हात घातल्यावर?"

समोर जो उभा होता तो भोळा म्हणावा तर पन्नास गावांची भांडणं मिटवलेला माणूस. लबाड म्हणावा तर त्याला यातून कपभर चहासुद्धा मिळालेला नव्हता. आम्हाला एका शब्दानं विचारायची मात्र गरज वाटली नव्हती. आमच्या सगळ्यांच्या बाऱ्या त्यानं एकट्यानं बदलून टाकल्या होत्या.

पुढचं लवकर झालं. जेसीबी आला. चारी बुजली, विहिरीवर स्लॅब पडला, जांभळं कापली. जिथं सराफ फावडं घेऊन उभे राहायचे तिथं पेव्हर ब्लॉक आले. नदीकडच्या दाराला "काम चालू" म्हणून पत्रे लावले. ते पत्रे आजही आहेत, काम काय चालू आहे ते कुणाला माहीत नाही. दाराबाहेरच्या उतरणीवरची झाडं तेवढी वाचली, कारण ती कुणाच्या नकाशात नव्हती.

पाटकरी दर सोमवारी नगरपालिकेत जाऊन बसायला लागले. आपली बारी मागायला. पहिल्या वर्षी नगराध्यक्ष त्यांना केबिनमध्ये बोलवायचे. "आण्णा, मी कुठं नाही म्हणतोय? निधी येऊ द्या." मग केबिन बंद असायला लागली. मग बाहेरचा शिपाई म्हणायचा, साहेब साइटवर गेलेत. एकदा जिन्यात समोरासमोर गाठ पडली. पाटकऱ्यांनी नुसता आपला उजवा हात पुढं करून दाखवला. नगराध्यक्षांना वाटलं आशीर्वाद देतायत, की तसं दाखवलं कोण जाणे, ते हातावर डोकं टेकवून खाली उतरून गेले. पुढं त्यांची मुदत संपली. त्यांच्या जागी आलेल्या अधिकाऱ्यानं आदरानं विचारलं, "आजोबा, काही लेखी आहे का?"

त्या दिवशी ते नगरपालिकेतून थेट माझ्या दुकानात आले. स्टुलावर बसले. पाणी मागितलं. आणि म्हणाले, "शेट, पयलाच गडी फिरला बघा." आवाज असा होता की दुसऱ्या कुणाला दया आली असती. मला आली नाही. आदल्याच आठवड्यात माझी आई गेली होती. शेवटची दोन कार्तिकं तिनं गॅलरीतून पत्र्यांकडं बघून काढली होती. शेवटच्या दिवसांत ती मला सारखी विचारायची, दार कवा उघडायचं म्हणाले रं आण्णा?

मी म्हणालो, "गडी फिरला? आणि तू काय केलंस? पेठेचं पाणी तोडलंस तू."

जन्मात पहिल्यांदा मी त्यांना अरेतुरे केलं. पण त्यांना लागलं ते त्याचं नव्हतं. पाटकऱ्याला पाणी तोडलंस म्हणणं म्हणजे काय, हे मला चांगलं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच बोललो. त्यांनी हातातला तांब्या न पिता खाली ठेवला. टोपी सरळ केली, अगदी मधोमध, खोक झाकली जाईल अशी. "व्हय," म्हणाले. "तोडलं." आणि उठून गेले.

त्यानंतर ते माझ्या दुकानाच्या मागच्या बाजूलाच राहत होते, तरी आम्ही बोललो नाही. दोन वर्षं. भाडं ते खिडकीतून ठेवून जायचे. मी समोरून येताना दिसलो की ते कडेला होऊन वाट द्यायचे, आणि मला त्या वाट देण्याचाही राग यायचा. सराफ एकदोनदा म्हणाले, सोडा आता, म्हातारा माणूस आहे. मी म्हणालो, नगराध्यक्षानं फसवलं ते त्यांना. मला त्यांनी फसवलं. परक्यानं पाठीत खुपसलं तर माणूस ओरडतो तरी. आपल्यानं खुपसल्यावर ओरडताही येत नाही. अजूनही माझं मत बदललेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. सुमन येऊन त्यांना खंडाळ्याला घेऊन गेली. गाडीत घालताना मी दुकानात होतो. उठून गेलो नाही. वीस पावलं होती. तिकडंच ते महिन्याभरात गेले. मला सराफांचा फोन आला, मी बरं म्हणालो आणि गिऱ्हाइकाला कुकरच्या शिट्ट्या दाखवत राहिलो.

दिवसकार्य झाल्यावर सुमन खोल्या रिकाम्या करायला आली. सामान टेम्पोत भरून झालं, किल्ली द्यायला दुकानात आली, आणि किल्लीबरोबर काउंटरवर काहीतरी ठेवलं. पितळेचा बिल्ला. भांडीवाले, गुरुवार. घासून घासून लखलखीत केलेला. वाकडी अक्षरं मला आधी ओळखूच आली नाहीत.

"हा कुठं होता?"

"त्यांच्या उशाखाली. तुमची बारी ते करत होते न्हवं," ती म्हणाली, जणू मला माहीत असेलच. "उतरणीवरच्या झाडांना दोनच बाऱ्या लागत्यात, मंगळवारची हौसामावशीची आनि गुरुवारची तुमची. आण्णा दर गुरुवारी पहाटे दोन कळश्या घेऊन स्मशानाकडनं वळसा घालून जायचे. मी सुट्टीला आले तरी थांबायचे न्हाईत. म्हणायचे, शेटला सवड न्हाई, त्येची बारी माझ्याकडं हाय. तिकडं दवाखान्यात वाचा गेली हुती. सलाईन लावलं तर थेंबाकडं बघायचे आनि डोळ्यानं मला इचारायचे. आमाला सगळ्यांना कळायचं काय इचारत्यात ते."

मी बिल्ल्याला हात लावला नाही. "नियम तुला माहीत नाही सुमन," मी म्हणालो. "असा परत घ्यायचा नसतो. आधी त्यांची बारी करावी लागते. आणि द्यायचाही त्यांनी, आपल्या हातानं."

"मग आता?"

मग मी काय बोललो ते मला नीट आठवत नाही. बहुतेक त्यांना शिव्या दिल्या. मरून गेला आणि मला देणेकरी करून गेला, असं काहीतरी. ती पोर रडायला लागली, आणि मीही. दुकानात उभं असलेलं गिऱ्हाईक हळूच निघून गेलं.

पुढच्या गुरुवारी मी दुकानातल्या दोन कळश्या घेतल्या आणि स्मशानाकडून वळसा घातला. वाट अशी की धडधाकट माणसाचंही कंबरडं मोडावं. झटका येईपर्यंत ते म्हातारं माणूस या वाटेनं येऊन नदीच्या भरल्या कळश्या उतरणीवर चढवत होतं, आणि मी गादीवर बसून त्याच्यावर रागावत होतो. राग अजून गेलेला नाही. बाग त्यांनीच घालवली, आईचं माहेर त्यांनीच बंद केलं, हे त्यांच्या झाडांना पाणी घालतानाही माझ्या डोक्यातून जात नव्हतं. उंबर माझ्या उंचीच्या वर गेलाय. करंजांनी पायऱ्यांवर सावली धरलीय. पत्र्याच्या पलीकडं वाहनतळावर कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं, आणि इकडं नदी आणि मी.

खाली पायरीवर हौसाबाई धुणं आपटत होती. मी दोनदा पाणी भरून चढलो, तिसऱ्यांदा उतरलो तेव्हा तिनं डोळ्यांवर हात धरून माझ्याकडं बघितलं. गुरुवारी तिथं दुसरं कुणी येत नाही.

"शेट, तुमी? आज बारी कुनाची हाय?"

मी कळशी पाण्यात बुडवली.

"पाटकऱ्यांची," मी म्हणालो.